मोजणीतले दिवस

“सर, आज तोंडी परीक्षा तुम्हीच घेणार ना?”

शेजारच्या खुर्चीवरचा तरुण अर्धा उठून विचारत होता. चीफने चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे पाहिलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर फुगलेली फाइल, ओठांवर पुटपुटणं अजून चालूच. तिशी गाठली असेल-नसेल.

“नाही रे बाबा. मी पण परीक्षेलाच आलोय.”

“अरे! सॉरी सर.”

“सर कशाला? आज आपण एका वर्गातले.”

तरुण ओशाळून हसला आणि बसला. पण त्याला राहवेना. चीफचे पांढरे केस, डाव्या अंगठ्याचं चेपलेलं नख, टाचा झिजलेले पण चकचकीत पॉलिश केलेले बूट, सगळं त्याने तिरप्या नजरेने बघून घेतलं आणि शेवटी विचारलंच, “मग किती वर्षं झाली तुम्हाला? पहिल्या बोटीपासून?”

“अठ्ठावीस.”

“बाप रे!” तो म्हणून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. “म्हणजे, मला अकरा झाली तर घरचे विचारून विचारून जीव खातात. कॅप्टन व्हायला एवढी वर्षं लागतात का म्हणून.”

“नियमाने बघशील तर दहा-अकराच लागतात,” चीफ म्हणाला. “मध्ये काही झालं नाही तर.”

त्याच्या बाबतीत मध्ये सगळंच झालं होतं.

त्याला नाव होतं, पण ते कागदांवर. जहाजावर, कंपनीत, राहत्या इमारतीच्या जिन्यात, अगदी मुलीच्या शाळेतल्या शिपायापर्यंत सगळे त्याला चीफच म्हणत. चीफ ऑफिसर म्हणजे जहाजावर कॅप्टनच्या खालचा पहिला माणूस. माल चढवायचा-उतरवायचा तो त्याने, खलाशांची भांडणं सोडवायची ती त्याने, पहाटेचा पहारा द्यायचा तो त्याने, आणि शेवटी सही करायची ती कॅप्टनने.

अठराव्या वर्षी तो शिकाऊ म्हणून पहिल्या जहाजावर चढला, तेव्हा त्याला वाटलं होतं, आता तारे, नकाशे आणि दिशा. तीन वर्षं त्याने गंज खरवडला. खरवडायचा, रंग लावायचा, आणि टोकाला पोचेपर्यंत मागे परत गंज चढलेला असायचा. मग पहिली परीक्षा, मग हाताखालचा अधिकारी, मग परत समुद्रावरचे दिवस. प्रत्येक पायरीला ठरावीक दिवस भरायचे आणि प्रत्येक दिवसाला पुस्तिकेत शिक्का लागायचा. सव्विसाव्या वर्षी तो होता त्या जहाजाची कंपनीच बुडाली. परमुलखातल्या बंदराबाहेर जहाज नऊ महिने नांगरावर अडकून पडलं. पिण्याचं पाणी बादलीने मोजून घ्यायचं, डेकवरून दोर टाकून मासे धरायचे आणि संध्याकाळी किनाऱ्यावरचे दिवे बघत बसायचं. सुटून परत आल्यावर कचेरीतल्या कारकुनाने ते नऊ महिने लाल पेन्सिलीने कापले.

“हे मोजणीत धरता येत नाहीत.”

“का? मी बोटीवरच होतो की.”

“बोट हलली नाही ना? मग समुद्रावरचा अनुभव कसला?”

“अहो, समुद्रातच उभी होती!”

“उभी होती. तेच म्हणतोय मी,” कारकून म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

पुढची परीक्षा तो तिसाव्या वर्षी पास झाला. एकतिसाव्या वर्षी वडिलांचं एक अंग लुळं पडलं. घरात आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. दोन वर्षं तो जमिनीवर राहिला. एका गोदामात खोकी मोजायचा आणि घरी येऊन वडिलांना कुशीवर वळवायचा. वडील गेल्यावर तो परत समुद्रावर गेला, तेव्हा त्याच्यामागून आलेले दोघे-तिघे कॅप्टन झाले होते. सासरे लग्नात सगळ्यांना “हे आमचे जावई, कॅप्टन” अशी ओळख करून देत होते. पुढे पुढे ते नुसतं “होतायत” म्हणू लागले, आणि नंतर त्यांनी तो विषयच सोडला. आईचं तोंड मात्र कुणी धरावं? ती म्हणायची, “अरे, नवव्या महिन्यात जितंजागतं माणूस जन्माला येतं. तुझा हा कॅप्टन कसला आहे बाबा, इतकी वर्षं पोटातच?”

तेव्हा सगळे हसायचे. तोही हसायचा. हसणं बंद झालं ते चाळिसाव्या वर्षी.

*

त्या फेरीत जहाजावर खलाशांचा मुकादम, ज्याला सगळे सारंग म्हणत, तो साठीला आलेला माणूस होता. हाताचे पंजे फावड्यासारखे, बोलणं मोजकं. ही त्याची शेवटची फेरी होती. तीन दिवस वादळ चाललं होतं, आणि चौथ्या दिवशी सकाळी लक्षात आलं, की पुढच्या टोकाच्या कोठाराचं झाकण सैल झालंय आणि आत पाणी जातंय. तसंच सोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत जहाजाचं नाक खाली गेलं असतं. कॅप्टनने वेग कमी केला, जहाज लाटांच्या आड वळवून धरलं आणि चीफला सांगितलं, दोन माणसं पाठव. कुणाला पाठवायचं ते चीफने ठरवायचं होतं. त्याने सगळ्यांत अनुभवी माणूस निवडला.

झाकण बसलं. दोघे परत निघाले. तेवढ्यात कुठूनशी एक लाट आडवी आली. एक जण कठड्याला धरून राहिला. सारंग राहिला नाही.

अकरा तास शोधलं. चीफ दुर्बीण डोळ्यांना लावून ब्रिजच्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीच्या, बाहेरच्या कठड्याशी उभा होता. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तरी हलला नाही. उजेड गेला, वारा परत वाढला, आणि कॅप्टन म्हणाला, “पुरे. जहाज मूळ मार्गावर घ्या.”

“नाही,” चीफ म्हणाला. “अजून एक फेरी. एकच.”

“पुरे झालं, चीफ.”

“मी सांगणार नाही सुकाणूवर. तुम्ही मला हाकलून द्या.”

कॅप्टनने सुकाणूवरच्या खलाशाच्या खांद्याला हात लावून त्याला बाजूला केलं आणि स्वतः चाक धरलं. जहाज वळलं. बंदर यायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत चीफ कॅप्टनशी कामापलीकडे एक अक्षर बोलला नाही. माणूस मरतो आणि हा थंडपणे चाक फिरवतो, हे त्याच्या डोक्यातून जाईना. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, दुसरी गोष्ट होती: पाठवलं कुणी? आपण.

त्यानंतरच्या वर्षी त्याने कॅप्टनकीचे सगळे लेखी पेपर एका झटक्यात सोडवले. राहिली तोंडी. परीक्षकांनी विचारलं, माणूस पाण्यात पडला तर काय कराल? त्याने पद्धत धडाधड सांगितली. किती वेळ शोधाल? तो म्हणाला, “सापडेपर्यंत.” परीक्षकांनी विचारलं, “आणि नाही सापडला तर? जहाजावर बाकीचे एकवीस आहेत.” तो म्हणाला, “सापडेपर्यंत.” नापास. पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला तेव्हा तो काहीच बोलला नाही. परीक्षकांनी पाणी पुढे केलं. ते पिऊन, नमस्कार करून तो बाहेर आला. परत नापास.

मग चार वर्षं त्याने अर्जच भरला नाही. फेरीवर जायचा, सहा महिन्यांनी यायचा, नवे नवे तरुण कॅप्टन येऊन त्याला “चीफ, जरा हे बघून घ्या” म्हणायचे, आणि तो बघून घ्यायचा.

यंदा मुलीनेच विषय काढला. सतरा वर्षांची, घरात तिला चिमणी म्हणत. “बाबा, तुमचे लेखी पेपर पाच वर्षंच चालतात. पुढच्या महिन्यात बाद होणार. मी अर्ज भरलाय. ओरडायचं तर ओरडा.”

तो ओरडला नाही. बायकोकडे बघायला लागला. बायको एका रुग्णालयात रक्ततपासणीचं काम करायची. उभं राहून राहून तिच्या पोटऱ्या दुखायच्या. ती तेल चोळत बसली होती. तिने मान वर न करताच सांगितलं, “परीक्षेच्या आधी त्या तुमच्या कॅप्टनकडे जाऊन या.”

“त्याच्याकडे? कशाला?”

“भांडायला. सहा वर्षं घरात बसून त्याच्याशी भांडताय तुम्ही. झोपेत दात खाता. एकदा त्याच्या तोंडावर जाऊन भांडा, म्हणजे मी सुटेन.”

*

म्हातारा कॅप्टन शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटा राहत होता. दार उघडंच होतं. तो मोरीत, बेसिनखाली आडवा पडला होता. बाहेर फक्त दोन बारीक पाय दिसत होते.

“कोण आहे ते असू दे. आधी तो टॉर्च धर,” आतून आवाज आला.

चीफने टॉर्च धरला. म्हाताऱ्याने मान वळवून बघितलं आणि म्हणाला, “अस्सं. थोडा डावीकडे धर. नळ गळतोय.”

चीफने येताना रस्ताभर वाक्यं जुळवली होती. आता गुडघ्यांवर बसून, टॉर्च धरून ती म्हणणं जमेना. मग तो एवढंच म्हणाला, “तुम्हाला कसं कळलं, की पुरे झालं?”

पान्हा फिरायचा थांबला.

“मला नाही कळलं,” म्हातारा म्हणाला. “तो गेलाय, हे मला माहीत नव्हतं. तो आहे, हेही माहीत नव्हतं. उजेड गेला होता, वारा वाढत होता, बोटीवर बाकीचे होते. कुणीतरी पुरे म्हणायला पाहिजे होतं. तू म्हणणार नव्हतास. इंजिनिअर म्हणणार नव्हता. तुमच्यापैकी कुणाला म्हणायला लागू नये, म्हणून तर मला तिथे ठेवलं होतं.”

“मी तुमच्याशी एकोणीस दिवस बोललो नाही.”

“बरं केलंस. मला तरी कुठे बोलायचं होतं!” त्याने हात बाहेर काढला. “ती रबराची चकती दे. ती नव्हे रे, बारकी.”

चीफने चकती दिली. ती बसली, पान्हा परत फिरायला लागला. मग आतूनच म्हाताऱ्याने विचारलं, “त्याच्या घरी कोण गेलं होतं, माहितीये?”

“कंपनीचा माणूस.”

“तो नंतर. आधी मी गेलो. त्याची बायको दारातच उभी राहिली. मला आत ये म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही, येतो म्हणून. तिला सांगितलं, पाठवायचा हुकूम माझा होता. तुझं नाव घेतलं नाही. घेण्यासारखं काही नव्हतंच.”

चीफ वळून दाराकडे बघायला लागला, उजेड भिंतीवर गेला.

“धर नीट,” म्हातारा म्हणाला.

भांडण झालं नाही. नळ मात्र दुरुस्त झाला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “मोरी दुरुस्त केली.” तिने त्याच्या गुडघ्यांवरचे ओले डाग बघितले आणि ताट वाढायला घेतलं.

*

“चला, पहिले कोण आहेत? आत या,” शिपायाने दारातून हाक दिली. शेजारचा तरुण “बेस्ट लक, स..., बेस्ट लक” म्हणाला.

आत टेबलामागे एकच परीक्षक होते. उंच, लांब मानेचे, कानांवर केस पिकायला लागलेले. चीफ दारातच थबकला. ही मान त्याने ओळखली. अठरा वर्षांपूर्वी एका जहाजावर हा शिकाऊ म्हणून आला होता. लाटेच्या पहिल्या तडाख्याला चार दिवस ओकला होता, आणि चीफनेच त्याचं नाव बगळ्या ठेवलं होतं. नकाशावर पहिली रेघ ओढायला शिकवलं होतं तेही चीफनेच.

“बसा,” बगळ्या म्हणाला. “आपण एका बोटीवर काम केलंय, हे मी वर लेखी कळवलंय. आज दुसरे परीक्षक नाहीत. तुमची हरकत असेल तर तारीख पुढे घेता येईल.”

“पुढे घेतली तर माझे पेपर बाद होतात, सर.”

‘सर’ म्हणताना जीभ अडखळली नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

“मग इथेच करू. पण एक सांगतो, ओळख आहे म्हणून मी सोपं विचारणार नाही.”

“विचारू नका.”

सव्वा तास चाललं. धुक्यात दोन जहाजं समोरासमोर आली तर? माल एका बाजूला सरकला तर? गाळात रुतलं तर, आग लागली तर, बंदराचा माणूस चुकीची दिशा सांगतोय असं वाटलं तर? चीफ उत्तरं देत गेला. यातलं बरंचसं त्याच्या अंगावरून गेलेलं होतं. त्याला ते आठवावं लागत नव्हतं. मग बगळ्याने समोरच्या कागदावरून पेन उचललं, टोपण लावलं आणि बाजूला ठेवलं.

“माणूस पाण्यात पडला.”

चीफने पद्धत सांगितली. काय फेकायचं, कसं वळायचं, कुणाला कळवायचं, कोण कुठे उभं राहायचं.

“किती वेळ शोधाल?”

वरचा पंखा प्रत्येक फेऱ्याला एकदा कुरकुरत होता. चीफने ते चार-पाच फेरे ऐकले.

“ठरलेला आकडा नाही, सर. पाणी किती गार आहे, उजेड किती उरलाय, हवा कुठे चाललीये, जवळ दुसरी बोट आहे का, किनाऱ्यावरचं केंद्र काय सांगतंय, हे सगळं मांडून बघेन. तो जिवंत असण्याची शक्यता आहे तोवर शोधेन.”

“मग?”

“मग थांबवेन.”

“कोण थांबवेल?”

“मी.”

बगळ्याने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. “आणि तुमचा चीफ ऑफिसर नाही म्हणाला तर?”

हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हता. दोघांनाही ते ठाऊक होतं. समुद्रावरच्या बातम्या बंदरागणिक पोचतात. बगळ्याच्या कानावर ती हकिगत कधीच गेली असणार.

“तो नाहीच म्हणेल,” चीफ म्हणाला. “त्याने म्हणायलाच पाहिजे. त्याचं ऐकून घेईन. वादावादी करणार नाही. आणि वळवायची वेळ आली की सुकाणूवरच्या माणसाला बाजूला करून चाक मी धरेन. त्या दोघांकडून करवून घेणार नाही. नंतर आयुष्यभर त्यांना वाटायला नको, की आपल्या हाताने वळवलं.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. सहा वर्षं ज्या पाठमोऱ्या माणसाला तो शिव्या घालत होता, त्याची पाठ त्याला आज पहिल्यांदा नीट दिसली. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

बगळ्याने त्याला पुसू दिलं. मग त्याने कागदावर सही केली, खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि हात पुढे केला.

“अभिनंदन, कॅप्टन.”

बाहेर तो तरुण वाट बघत होता. “काय झालं?” त्याने घाईने विचारलं.

“झालो पास. जा तू. आणि हे बघ, पाठ केलेलं बोलू नकोस, हळू बोल.”

घरी आई पलंगावर बसून होती. डोळ्यांनी आता कमी दिसायचं तिला. त्याने पायांना हात लावला तेव्हा तिने त्याचा चेहरा चाचपला. “झालास? बरं झालं बाबा. मी आहे तोवर झालास,” एवढंच ती म्हणाली. विनोद काही सुचला नाही तिला. बायकोने चहा टाकला, आणि चहा ओतता ओतता तिला रडू फुटलं. चिमणी म्हणाली, “आई, कपाबाहेर जातोय.”

*

कॅप्टन झाला, पण जहाज मिळेना. आठ महिने तो कंपन्यांच्या पायऱ्या झिजवत होता. सगळीकडे एकच: कॅप्टन म्हणून आधी काम केलंय का? नाही? मग बघू, कळवू. आधी केल्याशिवाय कुणी करू देत नव्हतं. वय सत्तेचाळीस ऐकलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवायचा.

नवव्या महिन्यात एक फोन आला. जुनं मालवाहू जहाज. फेरी अकरा दिवसांची. आधीचा कॅप्टन दुसरीकडे गेला होता. तोडायला विकलेलं जहाज नुसतं पोचवायचं, असं काम नावाजलेले कॅप्टन घेत नव्हते.

“म्हणजे बाबा, तुमची पहिली बोट तुम्ही भंगारात नेऊन घालणार?” चिमणीने विचारलं.

“कुणीतरी न्यायला पाहिजेच ना.”

बायको बॅग भरत होती. कोटाच्या बाह्यांवर तिने चार सोनेरी पट्ट्या शिवल्या होत्या. चीफच्या तीनच असायच्या. “जा तुम्ही,” ती म्हणाली. “अकरा दिवस तर अकरा दिवस. पुस्तिकेत शिक्का तर बसेल.”

जहाज सव्वीस वर्षांचं होतं. त्याच्या स्वतःच्या नोकरीपेक्षा लहान. माणसं चौदा. सगळ्यांत जुना होता मोठा इंजिनिअर. तो नऊ वर्षं त्याच इंजिनाशी भांडत आलेला, कॅप्टनपेक्षाही वयाने मोठा. दहा दिवस समुद्र शांत होता. कॅप्टन रोज सकाळी सगळं जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायचा. पुढच्या डेकवर कुणीतरी टापटीप ठेवायला लागलं होतं. आठवड्याभरात तोडायच्या जहाजावर एक खलाशी कठडा पुसत होता. कॅप्टनने त्याला कशाला पुसतोस म्हणून विचारलं नाही.

अकराव्या दिवशी, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या भरतीला, दुपारी, त्याने जहाजाचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं. वाळूवर दोन उंच काठ्यांना निशाणं बांधली होती. ती एका रेषेत धरायची आणि पूर्ण वेगाने सरळ जमिनीवर जायचं; तोडायची जहाजं अशीच किनाऱ्यावर चढवतात. त्याला जवळजवळ तीस वर्षं एकच गोष्ट शिकवली होती: जहाज जमिनीला लागता कामा नये. पाणी उथळ होत चाललेलं यंत्रावर दिसत होतं. प्रत्येक आकड्याला त्याचा हात आपोआप इंजिनाच्या दांड्याकडे जात होता, आणि तो मागे घेत होता.

“साहेब, जमीन,” सुकाणूवरचा खलाशी पुटपुटला.

“दिसतेय. सरळ ठेव.”

“साहेब...”

“असंच. छान चाललंय. असंच सरळ.”

आवाज मोठा झाला नाही. खालून एक लांबलचक घासटणारा सुस्कारा आला, कपाटांची दारं आपोआप उघडली, आणि जहाज हळूहळू, जणू कुणी खांद्याला धरून बसवावं तसं थांबलं. कॅप्टनने इंजिन बंद करायचा हुकूम दिला. पायाखालची थरथर गेली. इतकी वर्षं जहाजावर असताना ती थरथर इतक्या शांतपणे गेलेली त्याने कधी अनुभवली नव्हती.

मोठा इंजिनिअर हात पुसत वर आला. “नऊ वर्षं हिला सांगतोय, एका दमात चाल म्हणून,” तो म्हणाला. “आज ऐकलं बघा.” आणि त्याने तोंड फिरवलं.

ओहोटी लागेपर्यंत थांबावं लागलं. मग बाकीचे उतरायला लागले. कॅप्टनने लॉगबुकात वेळ लिहिली, जागा लिहिली, सगळी माणसं सुखरूप असं लिहिलं. खाली जहाजाच्या प्रमुखाने सही करायची रिकामी जागा होती. तिथे त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, अक्षर न अक्षर वेगळं. मग एकेका खोलीत जाऊन दिवे बघितले, स्वयंपाकघरातली शेगडी बघितली, कुणी मागे राहिलं नाही ना हे हाक मारून दोनदा बघितलं. उत्तर आलं नाही.

दोराची शिडी लांब होती. पायऱ्या ओल्या होत्या. गुडघा प्रत्येक पायरीला करकरत होता, म्हणून त्याला उतरायला वेळ लागला. खाली घोट्यापर्यंत चिखल होता. किनाऱ्यावर, दोनशे पावलांवर, माणसांना न्यायला गाडी येऊन उभी होती. ड्रायव्हर मधूनमधून भोंगा वाजवत होता.

त्याचे पाय चिखलात टेकले तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. तेराही जण तिथेच उभे होते. सामान डोक्यावर, खांद्यावर, बूट हातात. त्यांतला एकही जण गाडीकडे गेला नव्हता. मोठा इंजिनिअर थकून बॅगेवर हात टेकून उभा होता. कॅप्टनला बघून तोही सरळ झाला.

कॅप्टनने पँट दुमडून वर घेतली, बूट काढून हातात घेतले आणि पहिलं पाऊल टाकलं. तेव्हा मग बाकीचे चालू लागले.